‘स्टिग्मा’ म्हणजे लाज, आणि पोर्तुगीजमध्ये फक्त पुढे ‘ए’?

सध्या फिरणारा दावा असा: सोशल स्टिग्मा म्हणजे सामाजिक लाज, पोर्तुगीजमध्ये त्यालाच ‘एस्तिग्मा’ म्हणतात, फक्त पुढे ‘ए’ लागतो, बाकी वापर तोच.

‘ए’चं खरं आहे. स्त, स्क अशा जोडाक्षराने पोर्तुगीज शब्द सुरू होत नाही, म्हणून शाळा ‘एस्कोला’. आपल्याकडे बोलताना ‘स्टेशन’चं ‘इस्टेशन’ होतं, तसंच. (लिस्बनमध्ये उच्चार मात्र ‘इश्तिग्मा’च्या जवळचा.)

लाज हा अर्थ चूक आहे. लाज माणसाला आतून वाटते; तिला इंग्रजीत शेम, पोर्तुगीजमध्ये व्हेरगोन्या. ग्रीक ‘स्टिग्मा’ म्हणजे टोचून केलेली खूण, पळून गेलेल्या गुलामाच्या अंगावर गोंदत तशी. खूण करणारा दुसराच असतो. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं 1963 मध्ये संकल्पना मांडली तीही इथूनच. आपला ‘कलंक’ही पुरता बसत नाही, कारण ‘कुळाला कलंक’ म्हणताना दोष त्या माणसाचाच धरलेला असतो. ‘डागणे’ अधिक जवळचं.

‘वापर तोच’ हे तर अजिबात नाही. ब्राझीलमध्ये बोलताना ‘प्रेकोंसेइतो’, म्हणजे पूर्वग्रह, हा शब्द सर्रास येतो. ‘सोफ्रेर प्रेकोंसेइतो’ म्हणजे लोकांचा पूर्वग्रह सोसणं. अशा वाक्याचं इंग्रजी करताना कित्येकदा स्टिग्माच बसतो. उलट दिशेनं दरवेळी ‘एस्तिग्मा’ लिहिलं तर मजकूर अहवालासारखा वाटतो. नेमका भेद असा: प्रेकोंसेइतो बघणाऱ्याच्या मनात, एस्तिग्मा बघितल्या जाणाऱ्यावर. कुष्ठरोगाचं उदाहरण घ्या. 1995 च्या कायदा क्रमांक 9010 नं ब्राझील सरकारनं अधिकृत कागदपत्रांतून ‘लेप्रा’ हा शब्द हटवून ‘आन्सेनियाझे’ आणला, जंतू शोधणाऱ्या हान्सेनच्या नावावरून. खूण नावालाच चिकटली होती, म्हणून नाव बदललं. आपण ‘महारोग’ सोडून ‘कुष्ठरोग’ म्हणू लागलो, तसंच. नाव बदलल्यावर डाग पुसला गेला का, हा प्रश्न वेगळा.

लिंगाची चूक शिकणारे हमखास करतात. पोर्तुगीजमध्ये ‘आ’नं संपणारे शब्द बहुधा स्त्रीलिंगी, पण हा पुल्लिंगी: ‘उ एस्तिग्मा’ (‘उ’ हे पुल्लिंगी नामाआधीचं उपपद). ग्रीक ‘-मा’चे शब्द बहुधा असेच: प्रोब्लेमा, तेमा, क्लिमा. अनेकवचनही सरळ, ‘एस्तिग्मास’; इंग्रजीत मात्र ख्रिस्ताच्या जखमांच्या खुणांना वेगळं ‘स्टिग्माटा’ लागतं.

यंत्राला भाषांतर दिलंत तर संदर्भही द्या. दोन्ही भाषांत हाच शब्द फुलाच्या कुक्षीलाही, म्हणजे परागकण झेलणाऱ्या टोकालाही आहे, आणि दुधात घालायच्या केशराच्या काड्या म्हणजे वाळवलेल्या कुक्षीच, एका फुलात तीन.