शार्डोनेची चव सगळी पिंपातून येते? नाही हो

सध्या एक फॉरवर्ड जिकडेतिकडे फिरतोय. शार्डोने (पांढऱ्या वाईनचं द्राक्ष, आणि त्याची वाईनही) म्हणजे लोणी आणि व्हॅनिला, ती चव सगळी ओकच्या लाकडी पिंपातून येते, द्राक्ष कुठे पिकलं याने काही फरक पडत नाही, आणि फ्रान्समधल्या शाब्लीची शार्डोने तेवढी वेगळी लागते कारण तिथल्या मातीतले शिंपले मुळांवाटे द्राक्षात उतरतात.

व्हॅनिलाचं खरंय, ते नव्या ओकमधूनच येतं. पण लोण्याचं पिंपावर ढकलू नका. द्राक्षातलं बोचरं मॅलिक ॲसिड बॅक्टेरिया सौम्य लॅक्टिक ॲसिडमध्ये बदलतात तेव्हा डायअसेटिल तयार होतं, लोण्याचा वास त्याचा, आणि हे स्टीलच्या टाकीतसुद्धा होतं.

आता "कुठे पिकलं याने फरक पडत नाही". हे वाचून खरंच राग येतो, कारण शेतकऱ्याचं वर्षभराचं काम आणि तिथलं हवामान एका वाक्यात पुसून टाकलंय. शाब्ली फ्रान्सच्या बरगंडी प्रांताच्या उत्तर टोकाला, थंड, मण्यात गोडी सावकाश भरते आणि आंबटपणा टिकतो, म्हणून हिरवं सफरचंद, लिंबू. कॅलिफोर्नियाच्या उन्हात साखर भराभर चढते, वेल मॅलिक ॲसिड जाळून टाकते, मग पिकलेलं पीच, अननस आणि जास्त अल्कोहोल. त्यातही कार्नेरॉसला सॅन पाब्लो उपसागरावरून धुकं आणि गार वारा येतो, त्यामुळे तिथला आंबटपणा शाबूत राहतो, आणि तिथून वर नापा खोऱ्यात गेलात की दुपार चांगलीच तापते. म्हणजे नुसतं कॅलिफोर्निया म्हणूनही भागत नाही.

आणि थंडी फुकटात मिळत नाही. एप्रिलमध्ये कोंब फुटलेले असताना शाब्लीत दव गोठतं, 2021 मध्ये फार नुकसान झालं. लोक रात्रभर बागेत मोठ्या मेणबत्त्या पेटवतात नाहीतर वेलींवर पाणी फवारतात, ते कोंबावर गोठताना उष्णता सोडतं, म्हणून बर्फाच्या आतला कोंब वाचतो. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवतात, त्यांना ही धास्ती वेगळी सांगायला नको.

राहिले शिंपले. शाब्लीच्या जमिनीत सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या बारक्या शिंपल्यांचे जीवाश्म आहेत, हे खरं. पण मुळं पाण्यात विरघळलेली खनिजं घेतात, शिंपल्याची चव नाही. माती महत्त्वाची आहेच, पण ती पाणी किती धरते, किती निचरा करते आणि वेल किती फोफावते यासाठी.