क्ष बरोबर अठ्ठेचाळीस

आमच्या घरात कोणाचं वजन किती, हा विषय गेल्या सोळा वर्षांत निघाला नव्हता आणि संसार सुरळीत चालला होता. तो काढला आमच्या गाडीने.

झालं असं, की मुलांच्या सुट्टीत ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन हिंडायचं, असं घरात एकमताने ठरलं. (आमच्याकडे एकमत क्वचित होतं, आणि होतं तेव्हा ते निस्तरायला मी असतो.) बघायला गेलो. चाकांवरचं घर, आत ओटा, न्हाणीघर, मुलांसाठी एकावर एक पलंग. आई आत शिरली आणि "जरा बघते गं मऊ आहे का" म्हणून जी आडवी झाली ती उठेचना. मुलगी वरच्या पलंगावर, मुलगा खालच्या, बायको ओट्याखालची कपाटं उघडून त्यांत मनाने डबे लावतेय. माझ्या वाट्याला विक्रेता आला.

"गाडी कोणती?"

मी बाहेर उभ्या असलेल्या आमच्या एसयूव्हीकडे बोट दाखवलं.

"अहो मग प्रश्नच मिटला! हिची ओढायची क्षमता २,७२० किलो. ट्रेलर १,५९० किलोचा. हजारावर किलो शिल्लक राहतात, साहेब."

'शिल्लक' हा शब्द ऐकला की माझी बुद्धी रजेवर जाते. त्या दिवशी सही व्हायचीच बाकी होती. वाचवलं ते आईने, म्हणजे तिला तिथेच झोप लागली आणि तिला उठवून घरी नेण्यात सहीचं राहून गेलं.

रात्री गाडीचं पुस्तक काढून बसलो. पहिला शोध असा, की १,५९० हे 'ड्राय वेट', म्हणजे कोरडं वजन. कारखान्यातून निघताना ट्रेलर जसा होता, तसा. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरूण-पांघरूण नाही. गॅसच्या टाक्या आणि बॅटरीसुद्धा पुष्कळदा धरलेली नसते. बाळ जन्मलं तेव्हाच्या वजनावरून त्याच्या लग्नाचा सूट शिवायला टाकावा, तसला हा आकडा. नुसती दीडशे लिटरची पाण्याची टाकी भरली तरी दीडशे किलो झाले. दोन धडधाकट पाहुणे फरशीखाली गपचूप झोपवून नेल्यासारखंच. घड्या घालायच्या खुर्च्या, हत्यारांची पेटी, सायकली आणि आईचं 'असू दे, लागतं' असं सगळं धरून मी २,००० वर आलो. तरीही ७२० शिल्लक! मी शीळ वाजवली.

मग हा २,७२० कुठून येतो ते वाचलं, आणि शीळ बंद झाली. त्यासाठी वाहन अभियंत्यांच्या संघटनेचं एक मानक आहे, एसएई जे२८०७ नावाचं. परीक्षेचा रस्तासुद्धा ठरलेला: अमेरिकेतल्या ॲरिझोनात डेव्हिस धरणापासून वर चढणारा सुमारे १८ किलोमीटरचा चढ. ऐन उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, मागे ट्रेलर लावून, वेग ठरलेल्या मर्यादेखाली न जाऊ देता चढायचा. इथवर मला आदरच वाटला. पण गाडीत माणसं किती धरतात? दोन. प्रत्येकी ६८ किलो. म्हणजे एक सडपातळ चालक आणि शेजारी एक तितकाच सडपातळ इसम. मागच्या सीटवर कोणी नाही. मुलं नाहीत, आई नाही, "खिडकी माझी होती" नाही. असं सुटसुटीत कुटुंब मलाही मिळालं असतं तर मीही ते धरण चढलो असतो.

दुसरा शोध जिभेचा. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हिचवर, म्हणजे मागे ट्रेलर अडकवायच्या जोडावर, टेकतो, त्याला 'टंग' म्हणतात आणि तिथे खाली दाबणारा जो भार असतो तो 'टंग वेट'. जिभेला हाड नसतं म्हणतात. हिला पोलादाचं आहे. भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के वजन या जिभेवर यावं असा दंडक आहे. त्याहून हलकी झाली, म्हणजे सामान ट्रेलरच्या मागच्या अंगाला जास्त गेलं, की वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि थोड्याच वेळात ते शेपूट कुत्र्याला हलवू लागतं. जड झाली, तर गाडी मागून बसते, पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग बधिर होतं आणि हेडलाइट आभाळात विमान शोधायला लागतात. जिभेचं वजन इतकं महत्त्वाचं असतं हे आईने माझ्या लहानपणीच सांगितलं होतं, पण संदर्भ वेगळा होता.

मी १३ टक्के धरले. २,००० चे २६०. आमच्या हिचची मर्यादा २७२. बसलं!

आणि मग मी, रात्री साडेबारा वाजता, टॉर्च घेऊन खाली गेलो आणि चालकाचं दार उघडलं.

दाराच्या चौकटीवर, जिथे दार बंद झाल्यावर कोणाचीच नजर जात नाही, तिथे एक छोटं स्टिकर असतं. सहा वर्षं मी ते दार रोज उघडतोय आणि मला वाटत होतं टायरच्या हवेचं काहीतरी असेल. तेही होतंच. पण वर लिहिलं होतं, की गाडीत बसणारी माणसं आणि सामान मिळून वजन ५९० किलोच्या वर जाता कामा नये. जाहिरातीत २,७२० इतक्या मोठ्या अक्षरांत, की पलीकडच्या फुटपाथवरून दिसावं. आणि ५९० टॉर्च लावून गुडघ्यावर बसल्यावर! माणसं म्हणजे चालकासकट. आणि जीभ गाडीवर टेकलेली, म्हणून तीही माणसांतच जमा. म्हणजे २६० किलोची ही बाई आमच्या सगळ्यांच्या आधी गाडीत बसून मोकळी झाली होती.

तिच्यामुळे गाडी मागून बसू नये म्हणून भार वाटून देणारी हिच बसवतात. तिच्या लांब स्प्रिंगच्या दांड्या तरफेसारखं काम करतात आणि मागे पडलेला भार थोडा पुढच्या चाकांवर, थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. फार हुशार वस्तू. फक्त तिचं स्वतःचं वजन ४० किलो, आणि तेही ५९० मधूनच. भांडण सोडवायला आलेला माणूस मुक्कामाला राहिला, म्हणतात तो हा.

सकाळी चहा व्हायच्या आत मी न्हाणीघरातला काटा दिवाणखान्यात आणून ठेवला. मुलगी ३८. मुलगा ५२. आईने आधी चष्मा काढला, मग बांगड्या, मग काट्याला नमस्कार केला. ६४. मी ८८ भरलो. माझ्या आकड्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही एकटेच म्हणजे मी आणि चिमी." (चिमी आणि तो मिळून ९० होतात, पण मी तो मुद्दा ताणला नाही.)

बायको काट्याकडे फिरकलीच नाही. स्वयंपाकघरातून आवाज आला, "माझं धर अंदाजे."

"अंदाजे किती?"

"बसतं तेवढं धर की!"

मी कागदावर मांडलं. ५९० मधून जीभ गेली, हिच गेली, मी गेलो, आई गेली, मुलं गेली. क्ष बरोबर ४८.

"अठ्ठेचाळीस," मी म्हणालो.

"हां, तेवढंच," ती म्हणाली. "लग्नात होतं."

स्वयंपाकघरात नि दिवाणखान्यात काही काळ शांतता पसरली. आईने बांगड्या परत घातल्या. बीजगणित इथे संपतं आणि संसार सुरू होतो, एवढं मला कळत होतं. आणि हे सगळं डिकीत एक पिशवीसुद्धा न ठेवता! शिवाय डिकीत बिडाचा तवा जाणार होता. चार किलोचा. ट्रेलरमध्ये तो खडखडतो म्हणून डिकीत, आणि त्याच्याशिवाय बायको कुठेही येणार नव्हती. हलका नॉनस्टिक नेऊ या, असं मी एकदाच सुचवलं होतं.

अशा वेळी प्रत्येक घरात एक माणूस येतो आणि म्हणतो, काही होत नाही. आमच्याकडे मावसभाऊ आला. "अरे, मी याहून मोठा ट्रेलर याहून लहान गाडीने ओढलाय. मागच्या स्प्रिंगा बदल, त्यांच्या जोडीला हवेच्या एअरबॅग टाक." त्याला सांगून पाहिलं, की त्याने गाडीचं मागचं अंग उचललं जाईल, दारावरचा आकडा नाही, धुरा तीच, ब्रेक तेच. आणि ओढण्याचा प्रश्न कोणाला आहे? ओढायला बैलही ओढतात. उतारावर पुढे वळण असताना मागून दोन टन घर ढकलत येतं, किंवा शेजारून मोठा ट्रक वारा सोडून जातो, तेव्हा काय करायचं ते बोल. तर म्हणाला, "एवढा विचार करणारे घरीच बसतात." विचार न करणारे कुठे बसतात, ते मी विचारलं नाही. पाहुणा होता.

शेवटी लहान ट्रेलर घेतला. भरून दीड टनाच्या आसपास. पलंग एकावर एक नाहीत, जेवायचं टेबल खाली पाडून मुलांनी झोपायचं, म्हणजे टेबल पाडायच्या पाळीवरून भांडायचं. आईने पलंगाची परीक्षा पुन्हा घेतली; या वेळी वीस मिनिटांत उठली. ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर गाडीत बसवला, हिच बसवली, सामान भरलं आणि निघायच्या आदल्या दिवशी सगळी वरात ट्रकच्या वजनकाट्यावर नेली. कागदावरचं गणित खरं की खोटं ते काटाच सांगतो.

काट्याला तीन पट्टे. एकावर गाडीची पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची, तिसऱ्यावर ट्रेलरची. मी चाकं नीट पट्ट्यांवर घेतली आणि मागे वळून बघतो तर बायको दार उघडून खाली उतरलेली.

"अगं, सगळ्यांनी आत बसायचं असतं!"

"तू बाकीच्यांचं वजन वजा करशील," ती म्हणाली, आणि पर्स छातीशी धरून खांबाजवळ जाऊन उभी राहिली.

सोळा वर्षांत मला एवढं कोणी ओळखलेलं नाही.

चिठ्ठी आली. पुढची चाकं १,१८०, मागची १,३९९. बेरीज २,५७९. त्याच स्टिकरजवळ गाडीचं भरलेलं कमाल वजन लिहिलं होतं, २,६४०. मी दोनदा वजाबाकी केली, आणि ती जवळ आली तेव्हा चिठ्ठी न बोलता तिच्या हातात दिली. खाली मी पेनाने लिहिलं होतं: शिल्लक ६१.

तिने चिठ्ठी वाचली. एकदा आभाळाकडे बघितलं. ओठ किंचित हलले, हाताच्या बोटांवर अंगठा फिरला.

"पुरेल," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी ट्रेलरची चाकं अडवत होतो. ती मागे गेली, डिकी उघडली, खाली वाकून बिडाचा तवा दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि माझ्याकडे न बघता घरात नेऊन ठेवला.