पाच मिनिटांत लख्ख बाथरूम: एका फिरत्या कृतीचा प्रतिवाद

दिवाळीच्या साफसफाईचे दिवस आले की एक कृती हमखास फिरू लागते. अर्धी वाटी खाण्याचा सोडा, एक पेला व्हिनेगर, थोडे टॉयलेट क्लीनर आणि दोन चमचे ब्लीचिंग पावडर एकत्र करावी. फेस उसळला की मिश्रण ‘लागू’ झाले असे समजावे. ते फरशी, भिंत, नळ, कमोड असे सगळीकडे ओतून वाफ आत कोंडावी म्हणून दार-खिडकी लावून घ्यावी. पाच मिनिटांनी वरून उकळते पाणी सोडावे. फरशी कोणतीही असो, ती नव्यासारखी दिसेल आणि पुढे महिनाभर बाथरूमकडे पाहावे लागणार नाही, असे आश्वासनही सोबत असते. या कृतीतील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे आणि त्यातील एक जिवावर बेतणारे आहे, म्हणून मूळ क्रम सोडून त्यापासूनच सुरुवात करतो.

‘टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास ताकद दुप्पट होते.’ कमोडसाठी मिळणाऱ्या बहुतेक निळ्या-हिरव्या द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि बाटलीच्या मागे त्याचे प्रमाण, साधारण दहा टक्के, छापलेले आढळते. ब्लीचिंग पावडर किंवा द्रवरूप ब्लीच आम्लाच्या संपर्कात आले की त्यातून क्लोरीन वायू सुटतो. हे घडण्यासाठी तीव्र आम्लच लागते असेही नाही, स्वयंपाकघरातले व्हिनेगर पुरते. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत साचतो, आणि आपल्याकडे बाथरूम घासणारी व्यक्ती बहुधा उकिडवी बसून, नाक फरशीपासून हात-दीड हातावर ठेवून काम करीत असते. त्यात दार-खिडकी लावून घेण्याचा सल्ला दिला की चार बाय सहा फुटांच्या त्या जागेत काय होईल, हे वेगळे सांगायला नको. डोळे चुरचुरणे, घसा आवळणे, खोकल्याची उबळ येणे ही लक्षणे लगेच दिसतात. फुप्फुसांवरचा परिणाम मात्र कधीकधी काही तासांनी उमटतो, म्हणून ‘थोडे ठसकले, मग बरे वाटले’ यावर विसंबू नये. असे मिश्रण चुकून झालेच, तर ते आवरण्यासाठी आत न थांबता तडक बाहेर मोकळ्या हवेत यावे, दार उघडे ठेवावे आणि श्वास घेताना त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे जावे. घरकामाला येणाऱ्या बाईंच्या हाती आपणच या दोन्ही वस्तू देत असतो, तेव्हा हे त्यांनाही सांगितले पाहिजे. बाटलीवरचा बारीक इंग्रजी मजकूर त्यांनी वाचावा अशी अपेक्षा धरणे योग्य नाही.

‘सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस म्हणजेच मळ सुटण्याची खूण.’ या कृतीतील सर्वांत लोकप्रिय गैरसमज हाच आहे. सोडा अल्कधर्मी आणि व्हिनेगर आम्लधर्मी. एकत्र आल्यावर दोघे एकमेकांना निकामी करतात, सोडियम ॲसिटेट आणि पाणी उरते आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. आपल्याला दिसतो तो फेस या निघून जाणाऱ्या वायूचा असतो. हिशेबच मांडायचा तर चार टक्क्यांच्या २०० मिलिलिटर व्हिनेगरमधील सगळे आम्ल संपवायला सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे दोन-सव्वादोन लहान चमचे सोडा पुरतो. अर्धी वाटी सोडा घातल्यावर आम्ल नावालाही उरत नाही.

ज्यांना हिशेब नको त्यांनी घरी करून पाहावे. बोअरच्या पाण्याची बादली काही महिने वापरली की तिच्या तळाशी क्षारांचा पांढरट, खरखरीत थर बसतो. मी त्याचे नखाएवढे दोन पापुद्रे सुरीच्या टोकाने सोडवले, एक नुसत्या व्हिनेगरच्या वाटीत टाकला आणि दुसरा सोडा-व्हिनेगरचा फेस बसल्यावर उरलेल्या पाण्यात. पहिल्यावर लगेच बारीक बुडबुडे धरले आणि तासाभरात तो बोटांनी चुरडण्याइतका ठिसूळ झाला; दुसरा संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा होता. सोडा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. ओल्या फडक्यावर घेऊन बेसिन घासायला तो उत्तम, कारण तो चमक न घालवता हलकेच खरवडतो. क्षारांसाठी मात्र नुसते आम्लच हवे. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व दोन चमचे घेऊन ते तांब्याभर कोमट पाण्यात विरघळवावे आणि शॉवरची चाळणी त्यात तासभर बुडवून ठेवावी. ती निघत नसेल तर हे पाणी प्लास्टिकच्या पिशवीत भरून रबराने शॉवरलाच बांधावे.

‘फरशी कोणतीही चालते.’ जुन्या वाड्यांतील आणि चाळींतील मोऱ्यांना शहाबादी फरशी असते, कित्येक घरांत कडप्पा किंवा कोटा असतो. हे तिन्ही चुनखडीचेच दगड, म्हणजे ज्या कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर आपल्याला काढायचा आहे तोच त्यांचा मुख्य घटक. आम्लाला थर कोणता आणि फरशी कोणती हे कळत नाही. शहाबादीवर ॲसिड टाकले की चर्र आवाज होऊन पांढरा फेस येतो, घरचे ‘बघा, कसा मळ निघतोय’ म्हणून खूश होतात, आणि वाळल्यावर हात फिरवला तर दगड खरबरीत लागतो. त्या बारीक खड्ड्यांत पुढच्या आठवड्यापासून दुप्पट मळ बसतो, मग पुन्हा ॲसिड येते. संगमरवराचे तेच होते आणि तिथे लिंबूदेखील डाग पाडते, त्यामुळे ‘नैसर्गिक’ हा शब्द कामाचा नाही. सिरॅमिक टाइल्सना सौम्य आम्लाने धोका नसला तरी त्यांच्या फटींतील सिमेंट आम्लाने झिजते; ते झिजले की पाणी आत मुरते आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी छताचा ओलसर डाग दाखवायला वर येतात. नळांचा क्रोमचा मुलामाही कमोडच्या द्रवाने काळवंडतो. हातगाडीवर सुट्ट्या बाटलीत मिळणाऱ्या ॲसिडबद्दल तर बोलायलाच नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, तरी ते मिळते.

‘उकळत्या पाण्याने सगळे निघून जाते.’ थंड कमोडवर एकदम उकळते पाणी ओतल्यास चिनी मातीला तडा जाऊ शकतो, आणि खालचे पीव्हीसीचे पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. कोमट पाणी पुरे.

‘एकच मिश्रण सगळ्या डागांवर.’ खरी चूक इथे आहे, कारण बाथरूममधला मळ एका जातीचा नसतो. भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत दिसणारा राखाडी, चिकट थर हा साबण आणि जड पाण्यातील कॅल्शियम यांच्या संयोगाचा असतो. तो भांडी घासण्याच्या द्रवाने आणि ब्रशने बराचसा निघतो, राहिलेला लिंबूसत्त्वाने. फटींतील काळे ठिपके बुरशीचे. त्यांच्यावर ब्लीच चालते, पण आधी साबणाने घासून, आम्लाचा आणि साबणाचा अंश भरपूर पाण्याने धुऊन, शक्यतो दुसऱ्या दिवशी, खिडकी उघडी ठेवून आणि दहा मिनिटे ओले राहू देऊन. मळावर ओतलेले ब्लीच मळातच संपते. कोकणात विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असते तिथे कमोडमध्ये तांबूस ओघळ दिसतात. त्यांवर ब्लीच टाकल्यास लोहाचे आणखी ऑक्सिडीकरण होऊन डाग पक्का होतो. दुर्गंधीचे मूळ बहुतेकदा नहाणी ट्रॅपमध्ये असते. जाळी उचलून केस आणि साबणाचा लगदा हाताने काढला नाही, तर वरून ओतलेले कोणतेही द्रावण आणि कितीही फिनाईल केवळ तासाभराचा सुवास देते.

‘महिनाभर पाहावे लागणार नाही.’ पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे पाणी जड करणाऱ्या विरघळलेल्या क्षारांची, स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले जाते. लिटरला ५०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेले बोअरचे एक लिटर पाणी भिंतीवर आणि फरशीवर वाळले, तर सुमारे अर्धा ग्रॅम क्षार तिथेच राहतात, आदल्या दिवशी कशानेही घासलेले असो. मुंबईत तलावांचे तुलनेने मृदू पाणी येते, म्हणून तिथल्या नळांवर हा थर सावकाश धरतो. शहराबाहेरच्या टँकरवर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत आठवड्यात दिसतो. पाणी वाळू न देणे एवढाच त्यावर इलाज आहे. दिवसातली शेवटची अंघोळ झाली की वायपर भिंतीवरून वरून खाली एकदा ओढावा, मग फरशीवरून जाळीपर्यंत, नळ कोरड्या फडक्याने पुसावा आणि दार उघडे ठेवावे. याला दोन मिनिटे लागतात.