गव्हाणीशेजारचा बैल

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. झाड जर्मनांचं, तारीख रोमन सूर्यदेवाची, सांता शीतपेयाच्या कंपनीचा, मग नाताळात ख्रिस्ती असं उरलं काय? यंदा तो पाठवणारे काका माझ्या पप्पांचे जुने स्नेही. ग्रुपवर त्यांच्याशी वाद घालवेना. पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

तारखेचं आधी. येशूचा जन्म कोणत्या महिन्यात झाला हे शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातल्या त्याच्या चरित्रांत, कुठेच नाही, हे आम्हा ख्रिस्ती लोकांनाही ठाऊक आहे. 25 डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद रोममधल्या 354 सालच्या एका पंचांगवजा ग्रंथात सापडते. गंमत बघा, त्याच दिवशी अजिंक्य सूर्याचा जन्मदिवस असल्याची सर्वांत जुनी नोंदही त्याच ग्रंथातली! मग कोणी कोणाचं उचललं, हे इतक्या ठामपणे कशाच्या जोरावर सांगायचं? काही अभ्यासक तर वेगळाच हिशेब मांडतात: येशूच्या आईला, मरियेला, गर्भ राहिला तो दिवस जुन्या ख्रिस्ती परंपरेनं 25 मार्च धरला, त्यात नऊ महिने मिळवले. मला हा हिशेब जास्त पटतो. घरातल्या बायका असंच मोजतात.

झाड जर्मन भाषकांचंच, मान्य. स्ट्रासबुर्गमधली 1605 ची नोंद सांगते की लोक दिवाणखान्यात सूचिपर्णी झाडं उभी करून त्यांना कागदी गुलाब आणि सफरचंदं टांगायचे. सफरचंदंच का? तिकडे 24 डिसेंबर हा आदाम आणि हव्वेचा, म्हणजे बायबलातल्या पहिल्या माणसांचा दिवस. त्या दिवशीच्या नाटकात एदेन बागेचं झाड म्हणून हिरव्या झाडाला सफरचंदं लावत. आज आपण लाल चकाकते गोळे लावतो, त्यात मला ती सफरचंदंच दिसतात. सांताचा लाल झगाही 1931 च्या त्या प्रसिद्ध जाहिरातीच्या आधीपासून अमेरिकी चित्रांत होता.

पण मला खरं बोलायचंय ते गोठ्याबद्दल, म्हणजे येशूच्या जन्माचा जो देखावा आम्ही नाताळात मांडतो त्याबद्दल.

लूकच्या शुभवर्तमानात बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवल्याचं आहे. बैल नाही, गाढव नाही. ते आले बायबलातल्याच यशया संदेष्ट्याच्या ओळीतून: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव मालकाची गव्हाण ओळखतं, माझे लोक मात्र मला ओळखत नाहीत. शतकानुशतकं चित्रकारांनी ही जोडी बाळाशेजारी काढली. मग 1223 च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीचे संत फ्रान्सिस यांनी खरी गव्हाण आणवली, तीत गवत भरलं, शेजारी जिवंत बैल आणि गाढव उभं केलं आणि तिथेच मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाला. त्या बाळाचे किती हाल झाले असतील ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. नंतर लोकांनी ते गवत आजारी गुरांसाठी जपून ठेवलं. शेतकरी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि ‘हे बायबलात नाही’ हा आक्षेपही नवा नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये कट्टर ख्रिस्ती लोकांनीच 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता. तो कायदा 1681 मध्ये गेला.

आमच्या वसईत पोर्तुगीज आले, त्यांच्याकडून ‘नाताळ’ हा शब्द आला, म्हणजे जन्म. गोठाही बाहेरूनच आला. पण आमच्या गोठ्याचं छप्पर भाताच्या पेंढ्याचं असतं, चांदणी कामट्या आणि पतंगी कागदाची. आकाशकंदील करणाऱ्या कोणालाही ती जमेल. शेताच्या हिरवळीसाठी आई दहा-बारा दिवस आधी पसरट ताटात माती घालून नाचणी पेरते आणि रोज सकाळी बोटांनी पाणी शिंपडते. पप्पा गेल्यापासून पेंढा मी बांधते. त्यांच्या हातची गाठ घट्ट बसायची, माझी अजून सुटते.

या सगळ्याला ‘उसनं’ म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. ज्या घरानं एखादी रीत इतकी वर्षं हातानं जपली, त्या घराचा तिच्यावर हक्क नाही का?

काका, काल नाचणीला कोंब फुटले. गव्हाण सध्या रिकामी आहे, बाळ 24 तारखेला मध्यरात्रीच्या मिस्सानंतरच ठेवतो. 25 ला सकाळी काकूंना घेऊन या. आणि जमलं तर आदल्या दिवशी संध्याकाळी एकटेच या, पप्पांची ती गाठ तुम्हाला येते.