आठवड्यातले तीन दिवस कोणाच्या सोयीचे?

घर की ऑफिस या वादात दोन्ही बाजूंनी बोलणारे बहुतेक पुण्याचेच असतात. घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीला. एकाला ट्रॅफिक नको, दुसऱ्याला घरातली कटकट नको. दोघांची समजूत काढायला मग हायब्रीड आलं. तीन दिवस या, दोन दिवस घरी बसा. सगळे खूश, म्हणे मधला मार्ग निघाला.

लातुरात बसून बघा. आमच्यासाठी तीन दिवस आणि पाच दिवस यात काडीचा फरक नाही.

लातूर-पुणे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. लातूरजवळच्या हरंगुळहून पुण्याला रेल्वेगाडी सुरू झाली ते चांगलंच झालं, पण ती दुपारी निघून रात्री पोचते, म्हणजे कामाचा दिवस गेलाच. राहिली ट्रॅव्हल्स. सोमवारी रात्री स्लीपरमध्ये पडायचं, मंगळवारी पहाटे वाकडला उतरायचं, मंगळ-बुध-गुरू ऑफिस, गुरुवारी रात्री परत बस, शुक्रवारी सकाळी दात घासून लॉगिन. तरण्या पोरांना एखादा महिना जमेल. पण मधल्या दोन रात्री राहायचं कुठं? पीजीवाल्या मावशी आठवड्यातल्या दोन रात्रींचं भाडं घेत नाहीत, महिन्याचंच घेतात. म्हणजे खोली पूर्ण महिन्याची, डिपॉझिट पूर्ण, मेस पूर्ण, वर ट्रॅव्हल्सचं तिकीट. दिवाळीत त्या तिकिटाचं काय होतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. आणि ही दगदग झेपली नाही की जे दोन दिवस ‘घरून काम’ मिळतं ते पीजीतल्या पलंगावर बसून करायचं. ते घर नव्हे.

मी एका कंपनीसाठी इन्शुरन्स क्लेम तपासायचं काम करते. नवऱ्याचं कृषी सेवा केंद्र आहे, ते काही लॅपटॉपच्या बॅगेत घालून वाकडला नेता येत नाही. लेक दुसरीत. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ‘पुण्याला शिफ्ट व्हा की’ हा सल्ला देणाऱ्यांनी हे चार जण कुठं ठेवायचे तेही सांगावं.

२०२० च्या मार्चात लॉकडाऊन लागला आणि पुण्या-बंगळुरात अडकलेली पोरं हळूहळू गावी आली. त्या दोन वर्षांत लातुरात औसा रोडला, अंबाजोगाई रोडला काय झालं ते आपण बघितलंय. पगार हिंजवडीचा, खर्च इथल्या गंजगोलाईच्या बाजारात. कुणी घरावर एक मजला चढवला, कुणी बापाचं पीककर्ज फेडलं, कुणाची आई दवाखान्यात वेळेवर पोचली कारण घरात गाडी चालवणारं कुणीतरी होतं. परीक्षेत नंबर काढणाऱ्या लातूर पॅटर्नचं आपण एवढं कौतुक करतो, पण त्या पॅटर्नचं शेवटचं पान काय आहे? पोरगं हुशार निघालं की गावाबाहेर. ट्यूशनवर खर्च आपण करायचा, घरभाडं पुण्याच्या मालकाने घ्यायचं. या हिशोबात पहिल्यांदा उलटा आकडा पडला तो त्या दोन वर्षांत. यावर कुठल्या पुढाऱ्याने भाषण केलेलं मी तरी ऐकलं नाही. मराठवाड्याच्या विकासाच्या अनुशेषावर बोलतात सगळे.

आता ऑफिसवाल्यांचंही ऐकू. त्यांचं सगळंच खोटं नाही.

चीनमधल्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीने २०१०-११ मध्ये शांघायच्या कॉल सेंटरात एक प्रयोग केला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम त्यात होते. राजीखुशीने तयार झालेल्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निम्मे घरी पाठवले, आठवड्यातले चार दिवस. नऊ महिन्यांत घरून करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. घरून काम करणाऱ्यांच्या पोस्टी इथेच थांबतात. पुढचं वाचा. घरी बसलेल्यांना, कामाच्या मानाने बघितलं तर, बढती कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर त्यांच्यातले निम्म्याच्या आसपास लोक परत ऑफिसला गेले, कारण एकटं वाटत होतं. बढतीचं मला अगदी पटतं. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये साहेबाला आठवतो तो चहाच्या टपरीवर भेटणारा, स्क्रीनवरचा चौकोन आठवत नाही.

दुसरं, नवीन पोरं. कॉलेजातून निघून थेट घरच्या खोलीत नोकरीला लागलेलं पोरगं शिकणार कसं? मी क्लेम कसा वाचायचा ते शेजारच्या खुर्चीवरच्या मॅडमकडून शिकले. त्यांनी मुद्दाम कधी शिकवलं नाही. त्या फोनवर कशा बोलतात ते कानावर पडत गेलं. मेसेजवर प्रश्न टाइप करायला नवीन माणूस दहादा विचार करतो, मान वळवून विचारायला करत नाही. म्हणून पहिलं वर्ष-दीड वर्ष ऑफिसातच काढावं, असंच माझं मत आहे. आमच्या भागातल्या पोरांनी तर नक्कीच. त्यांची इंग्रजीची भीती तिथेच मोडते.

आणि बायांचं घरून काम. याचं गोड चित्र काढणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे नळाला पाणी यायच्या दिवशी यावं. टीमचा रोजचा स्टँडअप कॉल चालू, खाली मोटार लावायची, टाकी भरली का बघायची, तेवढ्यात लाईट गेली, राउटर इन्व्हर्टरवर आहे म्हणून वाचले. घरी आलेली पाहुणी म्हणते, “बरंय बाई तुझं, घरीच असतीस.” दार लावून बसलं तर सून शिष्ट. उघडं ठेवलं तर कॉलवर कुकरची शिट्टी. नवरा दुकानातून जेवायला आला की त्याचं ताट वाढणं हे ऑफिसच्या वेळेत बसतं, माझी मीटिंग मात्र जेवणाच्या वेळेत बसते. हे बदलायला आमच्या घरात भांडणं झाली, अजूनही होतात. पण हे भांडण मी माझ्या घरात करीन. त्यासाठी कंपनीने मला वाकडला नेऊन सोडायची गरज नाही.

कायद्याची अडचण म्हणावी तर तीही फार राहिलेली नाही. २०२० च्या नोव्हेंबरात दूरसंचार खात्याने कॉल सेंटर, बीपीओवाल्यांचे नियम सैल केले. आधी घरून काम करवून घ्यायला परवानगी, बँक गॅरंटी असली लचांडं होती, ती गेली. सेझमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपन्यांना २०२२ मध्ये आधी निम्म्या लोकांसाठी आणि मग सगळ्यांसाठी सूट मिळाली. त्याआधी २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीत लिहिलं गेलं की बाळंतपणाच्या रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, मालक आणि बाई आपसात ठरवून घरून काम चालू ठेवू शकतात. आपसात ठरवून! आता आपसात ठरवताना कुणाचं चालतं ते सांगायला वकील कशाला लागतो.

कंपन्यांचं धोरणही वाऱ्यासारखं फिरतं. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त लोक ऑफिसात लागणारच नाहीत. २०२३ च्या ऑक्टोबरात सगळ्यांना आठवड्याचे पाच दिवस बोलावलं. मधल्या काळात त्या बोलण्यावर विसंबून गावी घर बांधायला काढलेल्यांनी काय करायचं? इन्फोसिसने मात्र हिशोब महिन्याचा ठेवला, महिन्यातले दहा दिवस. माझ्या मते सगळी किल्ली इथे आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

हिशोब आठवड्याचा ठेवला की मराठवाडा बाद. तोच महिन्याचा ठेवला आणि दिवस सलग घेऊ दिले की लातूर, परभणी, नांदेड सगळे आत येतात. तिमाहीचा ठेवला तर आणखी बरं. तीन महिन्यांतून सलग तीन आठवडे या, सगळी टीम एकाच वेळी या, नवीन लोकांना शेजारी बसवा, जी काही भांडणं मेलवर अडलीत ती मिटवा. मग घरी जा. तीन आठवड्यांसाठी मैत्रिणीकडे राहता येतं, मामाकडे राहता येतं, लेकीला तेवढे दिवस आजी सांभाळते. कंपनीच्या हातात येणारा दिवसांचा आकडा बराच कमी होईल, पण ते दिवस कामाचे होतील. आता काय होतं? मंगळवारी अर्धी टीम येते, बुधवारी उरलेली अर्धी. कार्ड स्वाइप करून हजेरी लावायची आणि हेडफोन घालून चेन्नईच्या माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं. हे मी लातुरातूनही करतच होते.

ब्लूम यांनीच सीट्रिपवर पुन्हा केलेला अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. तिथे घरचे दोन दिवस मिळालेल्यांचं नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, कामात फरक पडला नाही. सगळ्यात जास्त फायदा बायांना आणि लांबून येणाऱ्यांना. लांबून म्हणजे त्यांच्या हिशोबात शहरातल्या शहरात. आमचं लांब त्यात धरलेलंच नाही.

मोंढ्यातला हमाल, डाळ मिलवरचा माणूस, दुकानात बसलेला माझा नवरा, यांना हा वादच लागू नाही, हे मला कळतं. जमणाऱ्यांपुरतंच बोलते आहे. पण जमणाऱ्यांची संख्या आपल्याकडे कमी नाही, आणि ते गावात राहिले तर डाळही इथलीच घेतात.

आमच्या टीममधल्या मराठवाड्याच्या लोकांनी मिळून सलग दिवसांची मागणी मेलवर टाकली आहे. एचआरने उलटून विचारलं, “तुम्ही दर आठवड्याला आला नाहीत तर टीम बाँडिंग कसं होणार?” आम्ही उत्तरात मागच्या महिन्याची हजेरी जोडली. त्यात सगळी टीम एकत्र हजर असलेला एकही दिवस नव्हता.