‘व्हायब्रेशन’ वाढवा, क्लायंट येतील म्हणे!

आज पुन्हा तीच जाहिरात. २१ दिवस पहाटे ध्यान करा, आदर्श क्लायंट आपोआप ओढले जातील. आणि नाही आले तर? तर तुमची श्रद्धा कच्ची, ‘व्हायब्रेशन’, म्हणजे मनाची स्पंदनं म्हणे, खालची! म्हणजे फी घेणारा नामानिराळा आणि जो आधीच धास्तावलाय त्याच्याच माथी दोष. डोकं सणकतं हे वाचून.

ओळखीतली एक डिझायनर अशाच कोर्सला जायची. रोज व्हिजन बोर्डासमोर, म्हणजे स्वप्नांची चित्रं चिकटवलेल्या फलकासमोर, डोळे मिटून ‘मोठा ब्रँड माझ्याकडे येतोय’. आणि त्याच आठवड्यात एका छोट्या कंपनीचा ‘तुमचे दर कळवाल का?’ हा मेसेज तिच्या फोनमध्ये उत्तराविना पडून. दर सांगायचीच भीती!

मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांचं संशोधन नेमकं यावरच आहे. यश मिळाल्याची गोड चित्रं रंगवत बसलं की अंगातला जोर ओसरतो, मनाला काम झाल्यासारखंच वाटतं. त्यांचा उपाय साधा आहे: इच्छेपाठोपाठ आपल्या आतला अडथळा डोळ्यांसमोर आणा आणि ‘असं झालं की मी हे करणार’ एवढं ठरवून टाका. डिझायनरचा अडथळा ब्रह्मांडात नव्हता, दर सांगताना दाटणाऱ्या घशात होता.

ध्यान कामी येतं ते तिथे. कॉलआधी ५ मिनिटं पाठ ताठ, खांदे सैल. ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर. मिनिटाला ६ श्वास होतात. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते. गरगरलं तर मोजणं सोडा, जोर लावू नका. मग आकडा एकदा मोठ्याने उच्चारून बघा. कॉलवर तो सांगितला की गप्प बसायचं. बहुतेकांची वाट लागते ती इथेच. समोरचा नुसता विचार करत असतो, आपल्याला ती शांतता सोसवत नाही आणि ‘तसं थोडं कमी करता येईल’ आपणच बोलून बसतो.

बरं, आदर्श क्लायंट म्हणजे कोण? समजूतदार, सधन, प्रेमळ? हे तर स्थळ बघणं झालं. त्यापेक्षा मागची १० कामं कागदावर घ्या. पैसे वेळेत आले का, बदल किती वेळा मागितले, पुढे कुणाला आपलं नाव सुचवलं का. कुणाशी आपलं जमतं ते त्या कागदावरच दिसतं.

हो, नियमित ध्यानाला बसणाऱ्याच्या बोलण्यात एक ठेहराव येतो आणि लोकांना तो आवडतो, मान्य. पण ठेहराव म्हणजे क्लायंट पकडायचा गळ नव्हे. सिद्धी या समाधीतले अडथळे आहेत असं खुद्द पतंजलींनी योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात सांगून ठेवलंय, आणि आपण ध्यानाकडून गिऱ्हाईक मागतोय!

असो. रिकाम्या महिन्यात मन कशालाही धरू बघतं, त्यात त्या डिझायनरला तरी काय बोलणार. अशा वेळी पतंजलींचंच पहिल्या पादातलं सूत्र जवळचं वाटतं: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवान दिसला तर आनंद, अपुण्यवानाची उपेक्षा. धंद्यात सगळ्यात अवघड ही शेवटची. पैसे बुडवणाऱ्याला रात्रभर मनात शिव्या घालणं म्हणजे उपेक्षा नव्हे. ॲडव्हान्स आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, बाकी रक्कम आल्याशिवाय अंतिम फाइल द्यायची नाही, आणि हे कोटेशनमध्येच लिहायचं. एवढं केलं की त्याच्यावर राग धरायची गरजच उरत नाही.