कोरा सातबारा मातीबद्दल काही सांगत नाही

"सातबारा कोरा, एनए झालेला, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट क्लिअर. मग बिनधास्त प्लॉट घ्या. माती-पाणी तपासणं हे मोठ्या कंपन्यांचं काम." प्लॉट घेणाऱ्यांच्या ग्रुपवर हा सल्ला सतत फिरतो. आयुष्याची कमाई लावणाऱ्याला असं सांगणं मला फार धोक्याचं वाटतं.

कोरा म्हणजे बोजा नाही, एवढंच. नमुना सात मालकी सांगतो, नमुना बारा पिकं. सर्च रिपोर्टसाठी वकील निबंधक कार्यालयातले दस्त चाळतात, आणि एनए म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी. यातल्या एकाही कागदासाठी कुणी प्लॉटमधली मूठभर माती उचलून तपासलेली नसते.

जुन्या कारखान्याच्या जागेबद्दल असंही ऐकू येतं: "कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली, पावसानं सगळं धुऊन गेलं." शिसं, क्रोमियम कुजत नाहीत. पाऊस त्यांना फार तर खाली, विहिरीच्या दिशेनं नेतो. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनालमध्ये हूकर कंपनीनं सुमारे 21,000 टन रासायनिक कचरा पुरला आणि 1953 मध्ये ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतात कचऱ्याचा उल्लेख होता, तरीही शाळा बांधली गेली, भोवती घरं उठली. रसायनं तळघरांत झिरपली आणि 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. मधली पंचवीस वर्षं पाऊस पडतच होता.

"घाण करणारा भरेल, घेणाऱ्याला काय?" तत्त्व बरोबर आहे. पण राजस्थानातलं बिछडी गाव बघा. एच-ॲसिड, म्हणजे रंग बनवायला लागणारं रसायन, तयार करणाऱ्या कारखान्यांच्या गाळानं तिथल्या विहिरी नासल्या. सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये भरपाईची जबाबदारी कंपन्यांवर टाकली, आणि त्याच पैशांसाठी 2011 मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. एवढी वर्षं तुम्ही कुठलं पाणी पिणार?

राहिला खर्च. माती-पाणी तपासणीच्या पहिल्या टप्प्यात खोदकाम नसतंच. जुने कागद, जुनी उपग्रह छायाचित्रं, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणं आणि प्लॉटवर पायी फेरी. कुंपणालगत जमिनीतून वर आलेला गंजका पाईप दिसला तर विचारा. पुरलेल्या डिझेल टाकीचा तो व्हेंट, म्हणजे वाफ बाहेर सोडणारा पाईप, असू शकतो. डबक्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर काडीनं ढवळा. तुकडे होऊन सुटे राहिले तर तवंग बहुधा लोहजिवाणूंचा, म्हणजे नैसर्गिक. पुन्हा जुळून आला तर तेलाचा, आणि मग मातीचा अहवाल हातात येईपर्यंत विसार देऊ नका.